भट्टीतला दिवा

माझ्या कादंबऱ्यांतून मी आजवर कितीतरी माणसांच्या अंतःकरणात उजेड पाडला असेल. पण स्वयंपाकघरातल्या विजेच्या भट्टीतला एक १५ वॅटचा दिवा लावण्याची वेळ आली, तेव्हा माझी पुरती भंबेरी उडाली.

गोष्ट गेल्या दिवाळीतली. माजलगावच्या आमच्या घरी वसुबारसेच्या आदल्या दिवशी नानकटाईचे पीठ मळून तयार होते. आई नेहमीप्रमाणे भट्टीसमोर स्टूल ओढून बसली होती. तिने आतून हाक दिली, "अरे, दिवा लागंना बघ."

"भाजायला दिवा कशाला हवा, आई? वीस मिनिटे लावायची, घंटी वाजली की काढायची."

बोलून गेलो खरा, पण चुकलो. आमच्या आईचे आणि घड्याळाचे कधी जमलेच नाही. मी लहान असताना दिवाळीची नानकटाई गावातल्या पावाच्या भट्टीवर भाजायला जाई. ताटल्या डोक्यावर घेऊन मी पुढे आणि आई मागे. भट्टीवाला लांब दांड्याचे फावडे आत सारी, आई तोंडावर पदर धरून त्या लाल उजेडात डोकावे आणि नेमक्या क्षणी म्हणे, "काढा आता." क्षणभर उशीर झाला तर करपली, घाई केली तर कच्ची! "रंग बघून काढायची असती, घड्याळ बघून न्हवं," हे तिचे शास्त्र. पुढे घरात विजेची भट्टी आली, तरी शास्त्र तेच राहिले. भट्टीतला तो चिमुकला दिवा काही भाजत नाही. तो फक्त बघू देतो. आणि आईच्या लेखी बघणे हाच अर्धा स्वयंपाक.

तेव्हा मी कंबर कसली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, शाळेत शिकवतो मराठी. पण साधा तर्क चालवायला पदवी लागत नाही. भट्टीच्या कांबी तापत होत्या, म्हणजे वीज येत होती. दोष दिव्यापुरताच. नुसते बटण बंद करून भागणार नव्हते. प्लग काढला, भट्टी पूर्ण निवू दिली. आतल्या काचेच्या टोपणाला फडक्याने धरून डावीकडे फिरवले, ते निघाले. बल्ब मात्र निघेना! आपल्याकडचे बहुतेक बल्ब दोन खुंट्यांचे, दाबून फिरवायचे. हा निघाला बारीक आट्यांचा. पाच मिनिटे मी त्याला दाबतच होतो.

काढून पाहिला तर काच आतून काळवंडलेली आणि तार तुटलेली. बल्बमधली टंगस्टनची तार तापून तापून झिजते, तिची वाफ काचेवर बसते. थंड तार विजेला फारसा अडथळा करत नाही, त्यामुळे बटण दाबताक्षणी विजेचा मोठा लोंढा आत शिरतो आणि झिजलेली तार बहुधा त्याच घटकेला तुटते.

दुकानात मी ऐटीत एलईडी बल्ब मागितला. दुकानदार हसून म्हणाला, "गुरुजी, भट्टीत तो टिकायचा न्हाई. आतलं नाजूक यंत्र उकडून जाईल." त्याने ३०० अंशांपर्यंत टिकणारा खास बल्ब दिला. तो बसवला, प्लग लावला, आणि भट्टी आतून सोनेरी झाली. सौ.ने भुवया उंचावल्या. इतका मान मला पहिल्या कादंबरीनेही मिळवून दिला नव्हता!

कीर्ती हां हां म्हणता गल्लीत पसरली. शेजारच्या काकूंनी मायक्रोवेव्ह दाखवायला बोलावले. दूध तापत होते, आतली थाळी फिरत होती, दिवा तेवढा नव्हता. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाच्या गृहस्थांच्या खिशातली चॉकलेटची वडी रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ वितळली, आणि त्यातून ही चूल जन्माला आली. तिच्या दारातली जाळी मोठी गमतीची. आतल्या लहरी सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या. त्या इतक्या बारीक छिद्रांतून बाहेर पडू शकत नाहीत, उजेड मात्र पडतो. म्हणून तर आत दिवा ठेवण्यात अर्थ. पण पुष्कळ मायक्रोवेव्हमध्ये हा दिवा यंत्राच्या पेटीत, भिंतीमागे असतो, आणि त्याच पेटीतला कपॅसिटर दोन हजारांहून अधिक व्होल्टचा भार प्लग काढल्यावरही धरून ठेवू शकतो. मी पेचकस मुकाट्याने खिशात घातला आणि म्हणालो, "काकू, हे जाणत्या माणसाचं काम. कारागिराला बोलवा." शिक्षकाला आपल्याला काय येत नाही हे कळणे, हीही एक विद्याच.

घरी आलो तो करपल्याचा वास! भट्टीत दिवा लख्ख जळत होता, आई समोरच बसली होती, आणि नानकटाईचा पार कोळसा झाला होता. माझा संशय आता उष्णतेच्या चावीवर गेला. मी प्लग काढायला वाकलो, तेव्हा आई हळूच म्हणाली, "त्येला नको उघडू, बाबा. भट्टीला काही झालं न्हाई. पावसाळ्यापासून मला समदं धुक्यातल्यावाणी दिसतंय. दिवा गेला तवा बरंच वाटलं होतं. म्हटलं, दिव्याचाच दोष असंल."

मी प्लग हातात धरून तसाच उभा राहिलो. एक दोष सापडला की आपण शोध थांबवतो, आणि दुसरा त्याच्याच आडोशाला निवांत बसून असतो. बल्बची काच आतून काळवंडलेली मी पाहिली होती. रोज समोर बसणाऱ्या डोळ्यांकडे मात्र पाहिले नव्हते.

मोतीबिंदू होता. भाऊबीज आटोपताच आईला अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात नेले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले प्लॅस्टिकचे तुकडे डोळा निमूट सोसतो, हे पाहून लंडनच्या हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली माणसाच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. तसलेच एक चिमुकले भिंग आईच्या वाट्याला आले.

परवा यंदाच्या नानकटाईची पहिली ताटली भट्टीत गेली. आई स्टूल ओढून बसली, दिवा लागला. मी श्वास रोखून दारात उभा. आईने वाकून पाहिले, आणखी जवळ जाऊन पाहिले, आणि सुनेकडे वळून म्हणाली, "अगं, ही काच किती मेणचट झालीया! घरात कुणी पुसत न्हाई का?"