खुलदाबाद : मलिक अंबरच्या मकबऱ्यापाशी

वेरूळची लेणी पाहायला येणारे बहुतेक लोक तिथूनच परत फिरतात. आणखी चारेक किलोमीटर घाट चढला की खुलदाबाद लागते. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली. त्या काळात दिल्लीहून अनेक सूफी बुजुर्ग इकडे आले. हजरत बुर्हानुद्दीन गरीब (रह.) इथेच दफन आहेत. हजरत जैनुद्दीन शिराझी (रह.) यांच्या दर्ग्याच्या आवारात बादशहा औरंगजेबाची साधी कबर आहे. जियारतीला येणारे या दोन्ही ठिकाणी जातात. आम्ही शाळेची सहल नेली, तेव्हा मलिक अंबरच्या मकबऱ्यावर मुद्दाम जास्त वेळ थांबलो.

त्याला कारण होते. आठवडाभर आधी आम्ही वर्गाला 'माझे घराणे' हा निबंध दिला होता. कुणी पूर्वज अरबस्तानातून आल्याचे लिहिले, कुणी इराणचे नाव घेतले, कुणी जहागिरीचे. एका मुलाची वही मात्र कोरीच होती. विचारले तर मान खाली घालून म्हणाला, "सर, आमच्यात सांगण्यासारखं काही नाही. दादा विहिरी खोदायचे."

मकबऱ्याच्या सावलीत मुलांना बसवून आम्ही गोष्ट सांगितली. सुमारे १५४८ मध्ये हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, एक मूल जन्मले. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले. हातोहात विकले जात बगदादला पोहोचले आणि तिथून दख्खनला आले. अंबर हे नावही एका मालकाने दिलेले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतले. तो स्वतःही हबशीच होता. पुढे अंबर आझाद झाला आणि त्याच निजामशाहीचा पेशवा बनला. गनिमी काव्याने त्याने मोगलांना वर्षानुवर्षे रोखून धरले. १६१० मध्ये खडकी हे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले. या शहरासाठी त्याने जमिनीखालून नहर आणली. १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्याचा इंतकाल झाला.

"म्हणजे यांनीपण पाणीच आणलं?" कोऱ्या वहीवाल्या मुलाने विचारले.

आम्ही म्हणालो, "हो बेटा. लढाया जिंकल्या, तसं पाणीही आणलं."

चार दिवसांनी त्याने निबंध आणून दिला. दादांनी खोदलेल्या तीन विहिरी, कुठे मुरूम लागला, कुठे काळा पाषाण, कुठली विहीर उन्हाळ्यातही आटत नाही, सारे त्याने अब्बांना विचारून लिहिले होते. दादा तेच आणि विहिरीही त्याच होत्या. मुलगा मात्र आता ताठ मानेने सांगत होता.

घरात आपण मुलांना कोणती गोष्ट सांगतो, यावर ती स्वतःला काय समजतील हे बरेचसे ठरते. फक्त हसब-नसबाच्या गोष्टी सांगितल्या, तर ज्याच्याकडे शजरा नाही ते मूल स्वतःला कमी लेखते. उलट ज्याच्याकडे शजरा आहे, त्याला आपण काही करायची गरजच वाटत नाही. मलिक अंबरकडे शजरा नव्हता, जन्माचे नावही उरले नव्हते. तरी दख्खनच्या इतिहासातून त्याचे नाव कुणाला वगळता येत नाही.

सुट्टीत मुलांना घेऊन खुलदाबादला जरूर जा. मकबऱ्यावर फातिहा पढा. परतताना शहरात भडकल दरवाजाही दाखवा. तो अंबरनेच बांधला. आणि वाटेत गाडीत आपल्या नाना-दादांनी हातांनी काय काम केले, तेही मुलांना सांगा.