बुडबुडा सुरू कुठे होतो?

सोड्याच्या बाटलीत मेन्टॉसची गोळी टाकली की कारंजं उडतं, ही आता शाळेत दाखवण्याची गोष्ट राहिलेली नाही. उंबरमाळी स्टेशनच्या आसपासच्या वाड्यांतल्या पोरांनीही ते मोबाइलवर पाहिलेलं असतं. बाटली टेबलावर ठेवली रे ठेवली की मागच्या रांगेतून आवाज येतो, "बाई, मला माहितीय, आता हे उडणार." मी विज्ञान शिकवते आणि मला हा आवाज हवासा वाटतो. उडणार हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, तर का उडणार ते विचारायला आम्ही मोकळे झालो.

उत्तरं ठरलेली असतात. "रिअ‍ॅक्शन होते." "गोळीत गॅस असतो." "स्फोट होतो." यांतलं एकही बरोबर नाही, पण चुकीचं का आहे हे मुलांना स्वतःच्या हातानं काढता येतं. खायचा सोडा आणि लिंबू त्यांनी आधी करून पाहिलेलं असतं. तिथे खरोखरच नवा वायू तयार होतो. कोलाच्या बाटलीत नवं काही तयार होत नाही. कारखान्यात दाब देऊन लिटरभर कोलात साधारण साडेतीन-चार लिटर कार्बन डायऑक्साइड कोंबलेला असतो. दाब जितका जास्त तितका वायू पाण्यात जास्त विरघळतो, हे विल्यम हेन्रीनं १८०३ साली सांगितलं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि एवढा वायू धरून ठेवण्याची पाण्याची ताकद संपते. तरी तो एकदम बाहेर पडत नाही. उघडी बाटली बराच वेळ नुसती सुरसुरत राहते. माझ्या मते या प्रयोगातली सगळ्यात नवलाची गोष्ट हीच आहे, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत नेमकी तीच कापलेली असते.

वायूला बाहेर यायचं असतं, पण नवा बुडबुडा शून्यातून उभा करणं फार अवघड. बुडबुडा जितका लहान तितका पाण्याचा पृष्ठताण त्याला जास्त जोरानं दाबतो. अगदी इवला बुडबुडा जन्मतानाच चिरडला जातो. म्हणून वायू तयार जागा शोधतो. खरबरीत पृष्ठभागाच्या बारीक खाचेत हवेचा कण अडकलेला असला की वायू त्यात शिरतो, कण फुगतो, सुटून वर जातो, आणि खाचेत उरलेल्या हवेतून पुढचा बुडबुडा सुरू होतो. मेन्टॉसची गोळी हाताला गुळगुळीत लागते, पण तिच्या साखरेच्या लेपावर अशा असंख्य खाचा असतात. अमेरिकेतल्या टॉन्या कॉफी या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेनं विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्या आणि २००८ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. आधी आणि नंतर सोड्याची आम्लता मोजली तर ती सारखीच भरली, म्हणजे 'रिअ‍ॅक्शन' हे उत्तर बाद. पुढे टॉम कुंट्झलमन या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं आपल्या सहकाऱ्याबरोबर हिशेब मांडला, की बुडबुडे जिथून निघतात त्या खाचा २ ते ७ मायक्रोमीटरच्या असाव्यात. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी.

आमच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही. आमच्याकडे दगड आहेत.

कसारा घाटात रस्त्यासाठी आणि रुळांसाठी कापलेल्या डोंगरात लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले उघडे दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख वितळलेल्या खडकाखाली गेला. लाव्हा जमिनीच्या पोटात दाबाखाली असतो तोवर वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून राहतात. तो वर आला, दाब उतरला, की वायू बुडबुडे होऊन सुटतात आणि थराच्या माथ्याकडे गोळा होतात. वरून लाव्हा थंड होऊन गोठला आणि ते बुडबुडे दगडात तसेच अडकले. ओढ्यात असे भोकंभोकं असलेले दगड हवे तितके मिळतात. काहींच्या भोकांत नंतर पांढरी खनिजं भरली, गारगोटी भरली. मुलांनी ते लहानपणापासून हाताळलेले असतात. तो दगड आणि उघडलेली बाटली शेजारी ठेवून मी विचारते, "या दोघांचं एकमेकांशी नातं काय?" उत्तर येईपर्यंत थांबते. कधी तास संपेपर्यंत येत नाही, मग दुसऱ्या दिवशी शाळेत येताना वाटेतच कुणीतरी गाठून सांगतं.

मग दगडाचा खडा सोड्यात टाकायचा. भोकंच भोकं आहेत म्हटल्यावर हा तर कारंज्याचा राजा ठरणार, असं सगळ्यांना वाटतं. फेस येतो, पण गोळीसारखं कारंजं उडत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या भोकात पाणी सरळ भरतं, हवा निघून जाते. हवा धरून ठेवते ती न दिसणारी खाच. खात्रीसाठी कोरडा खडा आणि रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलेला खडा वेगवेगळ्या ग्लासांत टाकून पाहावेत. भिजलेला खडा जवळजवळ गप्प बसतो. दगड तोच, फक्त त्यातली हवा गेलेली. हे पाहिल्यावर मुलांना बुडबुड्याचं बी कुठे असतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

खाचा हे एकच कारण नव्हे. गोळी जड असते, सरळ तळाला जाते. तिथे सुटलेला बुडबुडा वर येताना वाटेतला वायू ओढून घेत मोठा होतो, आणि असे बुडबुडे मिळून वरचं सगळं पाणी उचलून बाहेर फेकतात. गोळी कुटून भुगा टाकला तर कारंजं बसतं, कारण भुगा सावकाश बुडतो. शिवाय लेपात डिंक असतो, बाभळीच्या जातीच्या झाडाचा. डिंक पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, म्हणून बुडबुड्याला फुगायला जोर कमी लागतो. डाएट कोलातलं गोडवणही असंच मदतीला येतं. कॅफिनचा संबंध लावतात तो खोटा.

यातलं निम्मं पोरांना जत्रेतून माहीत असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हसोबाची म्हसा यात्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्या, आणि कुठेतरी लिंबू-सोड्याची गाडी. सोडावाला मिठावर सोडा ओततो तेव्हा ग्लास अर्धाच भरतो, फेस बसला की मग बाकीचा. का? मिठाचे कण वायूला वाट देतात. गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७० च्या सुमारास काढली. आतल्या वायूनंच गोटी वर दाबून बूच लावायचं, ही युक्ती. गोटी आत ढकलताना जो आवाज होतो तोच दाब उतरल्याचा आवाज, आणि तिथून पुढे आमचा धडा सुरू होतो.

करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. बाटली आणताना हिंदकळू देऊ नये, आणल्यावर थोडा वेळ स्वस्थ ठेवावी, झाकण हळू फिरवावं. बूड मातीत रोवून घट्ट करावं. गोळ्या एकेक टाकल्या तर पहिल्याच गोळीनं उसळी मारली की बाकीच्या हातात राहतात. म्हणून जाड कागदाची नळी करून त्यात पाच-सहा भरायच्या, खाली पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा, नळी तोंडावर बसवायची आणि पुठ्ठा ओढून घ्यायचा. सोडा कोमट असला तर कारंजं उंच जातं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आमच्याकडे ऊन तापायला लागलेलंच असतं. उंची डोळ्यांनी मोजण्यावरून भांडणं होतात, त्यापेक्षा बाटली आधी आणि नंतर किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवावी. किती गेलं ते कळतं आणि वजाबाकीही होते.

एका आजीनं मला अंगणातच थांबवून विचारलं होतं, "बाई, एवढं पिण्याचं मातीत कशाला ओतता?" तिचं म्हणणं रास्त आहे. मोठ्या बाटलीच्या पैशांत घरात भाजी येते. आमच्या तालुक्यातला तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देतो आहे, भातसा धरणही आमच्याच तालुक्यातलं, आणि मार्च सरला की इथल्या वाड्यांवर बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. अशा गावात चिकट कोला उडवायचा आणि मग हात धुवायला पाणी मागायचं, हे मला पटत नाही. म्हणून मी साधा सोडा वापरते. कारंजं कोलाइतकं उंच जात नाही, पण चिकटत नाही, मुंग्या लागत नाहीत, आणि उरलेला सोडा लिंबू पिळून सगळ्यांना पुरतो. खडे आणि मीठ टाकून पाहण्याचे प्रयोग तर ग्लासातच होतात, अर्धा ग्लासही भरपूर झाला.

या प्रयोगाबरोबर एक अफवाही गावात येते. गोळी खाऊन कोला प्यायलं तर पोट फुटतं, पोरगं मेलं, अशी. मी मुलांना सांगते, पिताना बराचसा वायू घशाच्या आतच ढेकर होऊन निघतो, चोखलेल्या गोळीचा लेप विरघळून गेलेला असतो, त्यामुळे पोट फुटत नाही. पण पैज लावून तोंडात कारंजं करू नये, फेस श्वासनलिकेत गेला तर गुदमरायला होतं. आणि गोळी टाकून बाटलीचं झाकण कधीही लावायचं नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव आधी चमत्कार करून दाखवतात आणि लगेच तो कसा केला ते उघड करतात. मला ही रीत फार मोलाची वाटते. कारण न सांगता नुसतं कारंजं उडवणारी शिक्षिका आणि रिकाम्या हातातून अंगारा काढणारा बुवा यांत मुलांना फरक दिसणार नाही. दोघांनाही टाळ्याच मिळतात.

हा प्रयोग मुळात शिक्षकांनीच वाढवला, याचा मला अभिमान आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतले शिक्षक पुदिन्याच्या भोकाच्या गोळ्या तारेत ओवून सोड्यात सोडत. त्या गोळ्यांचा आकार वाढला, बाटलीच्या तोंडातून जाईनात, तेव्हा मेन्टॉस हाती आली. २००६ साली दोघा कलाकारांनी शेकडो गोळ्यांची कारंजी नाचवली तो व्हिडिओ जगभर गेला, आणि तेव्हापासून लोकांना त्यातली उंचीच आठवते.

म्हणून शाळेत हा प्रयोग करणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या विज्ञान दिनाला सोड्याच्या दोन बाटल्या घ्या. पहिली उघडून नुसती ठेवा आणि मुलांना ती सुरसुरताना पाहू द्या, वायू एवढा असून तो निघत का नाही हे विचारा. मग ओढ्यातले खडे, मीठ, वाळू, भिजवलेला दगड, जे मुलं सुचवतील ते ग्लासात टाकून पाहा. गोळी सगळ्यात शेवटी.