चार आकडी घरनंबर

इंटरनेटचा इतिहास सांगायला बसलं की तो तरुणांचा इतिहास होतो. कुणी गॅरेजमध्ये कंपनी काढली, कुणी वसतिगृहाच्या खोलीत रात्री जागवून संकेतस्थळ उभं केलं, कुणी तिशीच्या आत अब्जाधीश झालं. या कथेत म्हातारी माणसं येतात ती विनोदापुरती: माउस उलटा धरणारे आजोबा, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला डकवणाऱ्या आजी. मला ही मांडणी अपुरी वाटते. १९९०च्या दशकात वैयक्तिक वेबपान नावाचा एक लेखनप्रकार जन्माला आला. त्याची सुरुवात तरुणांनी केली हे खरंच आहे, पण त्याचा स्वभाव पेन्शनरांचा होता. त्याला लागायचा तो रिकामा वेळ, सांगण्याजोगा साठलेला ऐवज आणि मोबदल्याकडे डोळा नसलेली चिकाटी. या तिन्ही गोष्टी विशीत एकत्र सापडणं अवघड. साठीनंतर मात्र त्या पुष्कळांकडे असतात, आणि बहुधा पडून असतात.

एप्रिल १९९३मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेनं वर्ल्ड वाइड वेबचं तंत्र जगाला फुकट खुलं केलं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी जी कंपनी काढली, तिचं नाव पुढे जिओसिटीज झालं. तिनं लोकांना पानं मांडायला फुकट जागा दिली. जागा म्हणजे मोजके मेगाबाइट. आजच्या मोबाइलवरचे चार-दोन फोटो त्यात जेमतेम मावतील. पण तिची खरी हुशारी होती ती या जागेला शहराचं रूप देण्यात. हॉलीवूड ही सिनेमावेड्यांची वस्ती, एरिया ५१ विज्ञानकथावाल्यांची, अथेन्स शिक्षण आणि तत्त्वज्ञानाची, तर हार्टलँड घरदार, गाव, पाळीव प्राणी आणि वंशावळी यांत रमणाऱ्यांची. वस्ती निवडायची, रिकामा घरनंबर शोधायचा आणि बिऱ्हाड मांडायचं. प्रत्येक पानाचा पत्ता म्हणजे वस्तीचं नाव आणि चार आकडी घरनंबर. वस्तीत नव्यानं आलेल्याला हात द्यायला स्वयंसेवकही असत. संगणकाची भीती वाटणाऱ्या माणसालाही घर, गल्ली, शेजार हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. आयुष्यभर ज्यांनी घरंच सांभाळली, त्यांना हे तंत्र सर्वांत ओळखीच्या भाषेत भेटलं.

घर मिळालं तरी भिंती आपल्यालाच रचायच्या होत्या. पुष्कळ जण नोटपॅड उघडून एचटीएमएलच्या खुणा हातानं टंकत. ठळक अक्षरासाठी एक खूण उघडायची आणि काम झालं की ती मिटायची. मिटायला विसरलं की तिथून खालचं अख्खं पान ठळक. चूक लपत नसे, आणि तिला कुणी हसतही नसे. दुसऱ्याच्या पानावरची एखादी रचना आवडली तर त्या पानाचा स्रोत ब्राउझरमधूनच उघडून बघता येई. शेजारणीच्या स्वेटरचे टाके मोजून तो नमुना आपल्या सुयांवर उतरवावा, तसं. या शिक्षणात परीक्षा नव्हती, घाई नव्हती आणि वयाची अट तर नव्हतीच. याला आधारही आहे. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात मेरी फर्लाँग यांनी सुरू केलेला सीनियरनेट हा उपक्रम १९८६चा, म्हणजे वेबच्याही आधीचा. त्याच्या केंद्रांमध्ये ज्येष्ठांना संगणक शिकवणारे स्वयंसेवकही बहुतेक ज्येष्ठच होते. म्हातारपण यंत्राला बिचकतं हे म्हणणं तेव्हाही पूर्ण खरं नव्हतं. त्याला हवा होता तो बरोबरीच्या वयाचा, न चिडणारा मास्तर.

या मंडळींनी लिहिलं तरी काय? अमेरिकेतल्या वंशावळीच्या कामाकडे पाहिलं की उत्तर मिळतं. १९९६मध्ये केंटकी राज्यातून यूएसजेनवेब नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि देशभर पसरला. एकेका परगण्याचं पान एकेका स्वयंसेवकानं सांभाळायचं, आणि कबरींवरचे लेख, विवाहनोंदी, मृत्युपत्रं, जनगणनेची जुनी कागदपत्रं उतरवून त्यावर ठेवायची. पुसट झालेल्या दगडावरचं साल वाचायला दुपारच्या दुपार घालवावी, असं हे काम. आपल्याकडे कुलवृत्तांत सिद्ध करणाऱ्यांना ते लगेच ओळखीचं वाटेल: तीच पत्रापत्री, तीच शाखांची जुळवाजुळव, हरवलेल्या आजोळाचा तोच शोध. फरक इतकाच, की छापलेला कुलवृत्तांत बंद होतो. राहून गेलेली शाखा पुढच्या आवृत्तीची वाट पाहते आणि ती आवृत्ती बहुधा निघत नाही. वेबपान उघडंच असतं. परक्या गावातला कुणी अभ्यागतवहीत चूक दाखवून जाई, आणि त्याच संध्याकाळी ती दुरुस्त होई. शिवाय या लेखनाला वरिष्ठ नव्हता. कचेरी कुठल्याही देशातली असो, तीस-पस्तीस वर्षं माणूस लिहितो ते दुसऱ्याच्या सहीसाठी: अहवाल, टिपणं, खुलासे. जे स्वतःच्या नावानं आणि कुणाच्याही मंजुरीविना सर्वांसमोर ठेवता येतं, असं पहिलं लेखन पुष्कळांच्या हातून निवृत्तीनंतरच घडलं असणार.

यावर पहिला आक्षेप सौंदर्याचा. लुकलुकणारी अक्षरं, वाचू न देणारी नक्षीदार पार्श्वभूमी, पान उघडताच वाजू लागणारी बाजाच्या पेटीसारखी धून आणि ‘काम चालू आहे’ सांगणारा फावडेवाला. ही पानं विद्रूप होती, असं म्हणतात. पुष्कळ होतीच. पण बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात नातवानं केलेला मातीचा गणपती, सेवानिवृत्तीचं मानचिन्ह आणि काश्मीरहून आणलेला शिकारा शेजारी-शेजारी असतात, तेव्हा आपण गृहसजावटीचे नियम काढत नाही. तिथं राहतं कोण, ते वाचतो. दुसरा आक्षेप वाचकांचा: भेटी मोजणारा आकडा दोन अंकांच्या पुढे न सरकणारं पान लिहायचं कशाला? पण आकडा हे बाजाराचं माप आहे. विस्मरणात गेलेल्या एका दफनभूमीची यादी लाखांसाठी नसतेच. ती त्या एका माणसासाठी असते, जो दहा वर्षांनी ते आडनाव शोधत येणार आहे. तिसरा आक्षेप वजनदार आहे. संगणक, टेलिफोन आणि निवांतपणा ज्यांच्याकडे होता त्यांचीच ही चैन होती; अमेरिकेतही सगळ्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला ती आली नाही. हे मान्यच करायला हवं. पण त्यानं सिद्ध होतं ते इतकंच, की ही संधी मोजक्याच लोकांना मिळाली. ती क्षुल्लक होती असं त्यातून निघत नाही.

आपल्याकडे ही संधी हुकली, आणि त्याचं कारण निव्वळ पैसा नव्हतं. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी सुरू केलं. पुढच्याच वर्षी मायबोली हे मराठी संकेतस्थळ उभं राहिलं, म्हणजे हौस आणि उमेद होती. अडचण लिपीची होती. प्रत्येक देवनागरी फाँटची आतली मांडणी वेगळी. लिहिणाऱ्याचा फाँट वाचणाऱ्याच्या संगणकावर नसेल तर अख्खा मजकूर रोमन अक्षरांचा कचरा होऊन दिसे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासून जागा होती, पण घरगुती संगणकावर ती सहज उमटायला २००० साल उलटावं लागलं. तोवर हातानं पान रचण्याचा काळ ओसरत आला होता; आयते साचे आले, मागोमाग फेसबुक आणि व्हॉट्सॲप आलं. एसटीत, रेल्वेत, शाळाखात्यात, गिरणीत हयात घालवलेल्या पिढीकडे ऐवज थोडा नव्हता. पण स्वतःचं पान मांडण्याची मधली पायरी तिला मिळालीच नाही. ती पत्रावरून थेट फॉरवर्डवर आली. सकाळी सकाळी दुसऱ्याचा सुविचार पुढे ढकलणाऱ्या ज्येष्ठांची आपण थट्टा करतो, तेव्हा त्यांना स्वतःचं चार ओळींचं घर बांधायला कुणी विटाच दिल्या नाहीत, हे विसरतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत कडू: अमेरिकेतल्यांना विटा मिळाल्या, पण घरं तरी कुठे टिकली? १९९९मध्ये याहू कंपनीनं साडेतीन अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला जिओसिटीज विकत घेतलं. नव्या अटींमध्ये लोकांच्या मजकुरावर कंपनीनं व्यापक हक्क सांगितला, तेव्हा रहिवाशांनी इतका गदारोळ केला की तिला माघार घ्यावी लागली. पण वस्त्या आणि घरनंबर मागं पडले, आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी सगळं शहरच बंद झालं. पाडकामाआधी आर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या गटानं जमेल तेवढी पानं उतरवून घेतली. इंटरनेट आर्काइव्हनंही काही राखली. म्हणजे घर भाड्याचंच होतं. पण म्हणून त्यात मांडलेला संसार खोटा ठरत नाही. फेसबुकवर हे सगळं सोपं झालं, असं कुणी म्हणेल. सोपं झालं खरं, पण तिथं सांगितलेलं वाहून जातं. कालच्या मजकुराकडे परत जाऊन त्याची डागडुजी करावी, अशी ती जागाच नाही.

बचावलेली ती पानं ओलिया लियालिना आणि ड्रागान एस्पेनशीड या दोन कलावंतांनी अभ्यासली, आणि २०१३पासून त्यांची चित्रं शेवटच्या बदलाच्या तारखेनुसार क्रमानं लोकांपुढे ठेवली. क्रमासाठी त्यांनी तारीख निवडली, हे मला योग्य वाटतं. अशा पुष्कळ पानांच्या तळाशी, शेवटची दुरुस्ती अमुक दिवशी केली, अशी ओळ असे, आणि अनेकदा ती मालकानं स्वतः टंकलेली असे. आज प्रत्येक संदेशावर यंत्र मिनिटासकट वेळ उमटवतं. माणूस कधी बोलला, एवढंच त्यातून कळतं. त्या जुन्या ओळीतून कळतं, की या दिवसापर्यंत इथं कुणीतरी येत होतं, झाडलोट करत होतं आणि चुकलेलं एखादं साल नीट करून मगच दिवा मालवत होतं.