वेलांटीचा जिना

मोतीबिंदू हा सज्जन आजार. येतो, पिकतो, काढला की जातो. माझ्या वाट्याला आलेलं दुखणं मात्र भाडेकरूच्या जातीचं निघालं. त्यानं दृष्टिपटलाचा बरोब्बर मधला भाग बळकावला. परिणामी कडेकडेचं जग मला दिसतं. नेमकं ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. (लग्न झाल्यापासून हे असंच आहे, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत.)

वाचायची सोय चिरंजीवांनी केली. बंगलोरहून आले आणि संगणकातलं भिंग दाखवून गेले. खिडकीचं चित्र असलेली कळ धरून अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षर फुगतं, उण्याचं दाबलं की रोडावतं. तीनशे टक्क्यांवर अग्रलेखातला 'व' वांग्याएवढा झाला आणि दोन वर्षांनी मी माझा पेपर माझा मी वाचला. तोवर ही वाचून दाखवायची. पण हिचं वाचन म्हणजे संपादनच! 'यात काही नाही' म्हणत पानंच्या पानं उलटायची.

अशा सुखात एका सकाळी 'व'ला कोपरे फुटले. वेलांटीला जिन्यासारख्या पायऱ्या आल्या. मी चष्मा पुसला, पडदा पुसला, शेवटी चष्म्यामागचे डोळे पुसले. पायऱ्या कायम. मला घाम फुटला. 'रेघा जास्त वाकड्या दिसू लागल्या तर त्याच दिवशी या,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

फोन लावला. "बाबा, कळ दाबून पडद्याचं चित्र घ्या आणि पाठवा." पाठवलं.

"अहो, स्वच्छ तर आहे!"

झालं! संगणक निर्दोष, म्हणजे आरोपी मीच. दोन दिवस मी त्या खोलीत फिरकलो नाही. ही पेपर वाचत होती, मी मुकाट्यानं ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी माझा मुकाटपणा हिच्या लक्षात आला. मला दंडाला धरून तिनं फ्रिजपुढे उभं केलं. तिथं डॉक्टरांनी दिलेला, चौकटींच्या रेघांचा आणि मधे ठिपका असलेला कागद चिकटवलाय. आम्सलर नावाच्या स्विस डॉक्टरांची ही युक्ती. एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेघा पूर्वीइतक्याच वाकड्या होत्या, काडीभरही जास्त नाहीत.

"मग दुखणं त्या डबड्यालाच आहे," ही म्हणाली आणि मोबाईलनं पडद्याचा फोटो काढून बंगलोरला धाडला. त्यात पायऱ्या स्पष्ट!

चिरंजीव खूप हसले. कळ दाबून जे चित्र निघतं ते म्हणे मूळ पानाचं. भिंग त्याच्या पुढे, पान आणि माझे डोळे यांच्या मधे. म्हणजे चष्म्याला ओरखडा पडला म्हणून पेपरचा फोटो काढून पाठवावा, तसला प्रकार मी केला होता.

"बाबा, भिंगाच्या सेटिंगमध्ये 'कडा गुळगुळीत करा' यावरची खूण कुणी काढली?"

आता काय सांगणार! आदल्या रविवारी मीच काढली होती. म्हटलं, या वयात आपल्याला काय करायच्यात गुळगुळीत कडा? उगाच वीज जळायची.

खूण केली. 'व' पुन्हा गरगरीत झाला. मी हावरटासारखे मागच्या दोन्ही दिवसांचे अंक उघडले. परवाच्या अंकात, हिनं 'यात काही नाही' म्हणून उलटलेल्या पानावर, शाळेत सहा वर्षं माझ्या बाकावर बसलेल्या, माझ्या वाटच्या चिंचा खाणाऱ्या दोस्ताचा फोटो होता. चौकटीत. खाली दोन तारखा.

ही दारात उभी होती. मी उण्याची कळ दाबत दाबत शंभरावर आलो आणि म्हटलं, "चहा टाकतेस का गं?"