‘आपण’मध्ये कोण कोण?

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, याचे अप्रूप मराठीभाषकाला सहसा वाटत नाही. ऐकणाऱ्याला वगळायचे तर ‘आम्ही’, सामावून घ्यायचे तर ‘आपण’. हिंदीला दोन्ही कामे ‘हम’वर भागवावी लागतात. मेळघाटातल्या कोरकू मुलाला मात्र हा भेद कुणी शिकवावा लागत नाही. कोरकू ही मुंडा गटातली भाषा. तिच्यात हा भेद आहेच, शिवाय द्विवचनही आहे. ‘आपण दोघे’, ‘आम्ही दोघे’, ‘आपण सगळे’, ‘आम्ही सगळे’ यांसाठी तिच्याजवळ चार स्वतंत्र सर्वनामे आहेत. संस्कृतच्या तासाला ज्या द्विवचनाने आपल्यापैकी अनेकांची दमछाक केली, ते धारणी-चिखलदऱ्याकडचे सहा वर्षांचे पोर खेळता खेळता वापरत असते.

हे पोर पहिलीत येते आणि त्याच्या हाती मराठीचे पुस्तक पडते. दगड ‘तो’ का, भिंत ‘ती’ का आणि झाड ‘ते’ का, याचे उत्तर त्या पुस्तकात नसते. कोरकू व्याकरणात नामांचा मुख्य भेद सजीव-निर्जीवाचा. त्यामुळे मुलाने ‘मोठा भिंत’ लिहिले, तर त्यामागे अज्ञान नसून एक पूर्ण, सुसंगत व्याकरण उभे असते. वहीत तांबडी रेघ उमटते ती त्या व्याकरणावर.

पहिलीपासूनच्या हिंदीवरून २०२५ साली महाराष्ट्रात उठलेले वादळ वाचकांच्या स्मरणात असेलच. १६ एप्रिलचा शासन निर्णय, जूनमधला सुधारित निर्णय आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतल्याची घोषणा. आम्ही त्या निर्णयाच्या विरोधात होतो आणि आहोत. तथापि त्या गदारोळात ‘मातृभाषा’ हा शब्द जवळजवळ सर्वत्र ‘मराठी’ या एकाच अर्थाने वावरत होता, हे नोंदवायला हवे. मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीतच येते. म्हणजे कोरकू वा गोंडी मुलासाठी मराठी ही दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी, आणि येऊ घातलेली हिंदी चौथी. कोवळ्या वयात तिसऱ्या भाषेचे ओझे नको, हा आपला युक्तिवाद खरा असेल, तर तो सर्वांत आधी या मुलाला लागू पडतो. तेव्हा त्याच्या वतीने तो मांडला गेल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

कायद्याचा आधार नाही, असे नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचा ३५०-क हा अनुच्छेद १९५६ पासून सांगतो. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी अशा भाषांत पाठ्यपुस्तके काढली, ही मोठीच गोष्ट. पण या भाषांच्या पाठीशी छपाईची परंपरा होती. गोंडी बोलणारे २०११च्या जनगणनेत देशभरात तीस लाखांच्या घरात, कोरकू बोलणारे सात लाखांहून अधिक. या भाषा माध्यमभाषांच्या त्या पंगतीला बसल्या नाहीत.

अलीकडे ही उणीव थोडी भरून येत आहे. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मुक्त परवान्याखाली अनेक भाषांतली चित्रपुस्तके मिळतात, कुणीही ती आपल्या भाषेत आणावी. या कामाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. तरी दोन शंका आहेत. अनुवादाची दिशा बहुधा एकच असते: मोठ्या भाषेकडून लहान भाषेकडे. कोरकूत जन्मलेली गोष्ट मराठीत यावी, हे अपवादानेच घडते. (लिपीचा प्रश्न वेगळाच. कोरकूतल्या खालच्या सुरासाठी देवनागरीत चिन्ह नाही. लिहिणारा आपापली तोड काढतो.) दुसरी शंका ‘सेतू’ या शब्दाविषयी. मुलाला प्रमाण मराठीच्या तीरावर पोहोचवले की सेतूचे काम संपले, असे गृहीत धरलेले असते. मग तिसरी-चौथीत त्याची भाषा पुन्हा वर्गाबाहेर जाते.

आपल्या शाळांच्या भिंतींवर वारली चित्रे हौसेने काढली जातात. वारली बोली मात्र त्याच भिंतींच्या आत ऐकू येत नाही. एम.ए.च्या वर्गात आपण वाहरू सोनवणे यांचे ‘गोधड’ वाचतो, भुजंग मेश्रामांच्या कवितेतल्या गोंडी शब्दांवर चर्चा करतो. ती करावीच. पण आदिवासी भाषांशी मराठी वाचकाची पहिली भेट बाविसाव्या वर्षी, प्रश्नपत्रिकेच्या निमित्ताने का व्हावी?

म्हणून आमचे म्हणणे असे की कोरकू-मराठी पुस्तक मेळघाटाइतकेच अमरावतीच्या आणि पुण्याच्या शाळेतही हवे. दोन्ही मजकूर सारख्याच टायपात हवेत. मराठी वर ठळक आणि कोरकू खाली बारीक, असे नको. समजा, चित्रात तीन मुले आहेत आणि त्यांतले एक दुसऱ्याला म्हणते, ‘आपण नदीवर जाऊ.’ तिसरे मूल बरोबर जाणार की नाही, हे मराठी वाक्यावरून कळत नाही. शेजारच्या कोरकू वाक्यावरून कळते.