जुनी साडी, नवा मोह



सुती इरकल, खणाचं ब्लाऊज, जुन्या साडीचा घेरदार परकर... या गावाकडच्या साजाची हौस मलाही आहे. पण डोंबिवलीत फडके रोडवर हे सगळं नवं घ्यायचं तर महिन्याचा हिशोब कोलमडतो. म्हणून मी आमच्या गल्लीत येणाऱ्या बोहारणीलाच सांगून ठेवलंय, "मावशी, चांगली सुती साडी आली तर आधी मला दाखवा." आपण तिला जुने कपडे देऊन पातेलं घेतो, मी कधी उलटा व्यवहार करते. दीड-दोनशे रुपयांत साडी मिळते.

घेताना साडी उजेडासमोर धरावी. घडीवर विरलेली असेल तर नेसायला घेऊ नये. परकराला मात्र चालते, विरलेला भाग कापून टाकता येतो.

खरा पेच रेशमाचा. एका रेशमी साडीसाठी हजारो कोश उकळतात, आतल्या जिवासकट. सासूबाई म्हणतात, "हिंसा व्हायची ती होऊन गेली. आता वस्त्र वाया का घालवायचं?" त्यांचं म्हणणं खोटं नाही, माझे पैसे रेशीमवाल्याकडे जात नाहीत. पण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असे तिन्ही दोष सांगितलेत. मी ती साडी नेसून लग्नात मिरवले आणि एखादीने तशीच नवी घेतली, तर अनुमोदना माझीच ना? म्हणून मी रेशीम घेत नाही. खणात आणि इरकलच्या पदरातही रेशीम असू शकतं. शंका आली तर काठाचा एक धागा जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, कागदासारखा आला तर सूत.

दुसरा पेच स्वस्ताईचा. दोनशेची साडी म्हणून हात आखडत नाही आणि कपाट भरत जातं. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, तिच्यावरची आसक्ती असं सांगितलंय. श्रावकाने ज्या गोष्टींची मर्यादा ठरवायची, त्यातल्या 'कुप्य' या शब्दात टीकाकारांनी सुती-रेशमी वस्त्रंही धरली आहेत. त्यात जुनं-नवं असा भेद नाही.

म्हणून मी बारा साड्यांचं परिमाण घेतलंय. दशलक्षण पर्वात नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्याला, कपाट उघडून मोजते. तेरावी आवडली तर आधी एक द्यायची, आणि तीही फाटकी नाही, नेसण्याजोगी.