उसना कॅमेरा

लार्ज फॉरमॅट कॅमेरा हवा असं म्हणणाऱ्याला लवकरच कळतं की ही एक वस्तू नाही, अख्खा संसार आहे. चार बाय पाच इंचांची फिल्म घेणारी लाकडी पेटी, तिचा चामडी भाता, लेन्स आणि ती बसवायची पाटी, फिल्म होल्डर, प्रकाश मोजायचं मीटर, एवढं वजन पेलणारी तिपाई, डोक्यावर घ्यायचं काळं कापड, उजेडात बसून फिल्म भरता यावी म्हणून बाह्या लावलेली काळी पिशवी. यातलं माझ्याकडे फक्त काळं कापड होतं, तेही पडदे शिवून उरलेलं. वर फिल्मच्या एका शीटला दोनशे रुपयांहून जास्त. विकत घ्यायचं ठरवलं असतं तर काम सुरूच झालं नसतं. म्हणून मागायला निघाले.

काम असं होतं. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला आणि ज्याच्यावरून सगळ्याला नाव पडलं ते घोड नदीच्या जलाशयात. धरणाची साठवण साधारण साडेतेरा टीएमसी. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तेव्हा भिजून काळपटलेली जोती, दगडांच्या रांगा, एखाद्या वाटेची खूण वर येते. ज्यांचं बालपण तिथं गेलं, त्यांना आपापल्या जोत्यावर उभं करून एकेक फोटो काढायचा. माणसं चोवीस, मुदत पावसाआधीची.

मोबाइलवर हे एका दुपारी झालं असतं, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. खरंही आहे ते. पण मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर कागद थेट ठेवून, काचेखाली दाबून, बल्बच्या उजेडात छाप काढता येते. एन्लार्जर लागत नाही, आणि त्या हाताएवढ्या छापेत जोत्याचा दगड न् दगड मोजता येतो. दुसरी, या कॅमेऱ्यासमोर माणसाला थांबावं लागतं. तिपाई लावणं, काचेवर प्रतिमा जुळवणं, होल्डर सरकवणं यात वीस मिनिटं जातात. तेवढ्या वेळात माणूस कंटाळतो, मग बोलायला लागतो, मग गप्प होतो. मला त्या गप्प होण्याचा फोटो हवा होता.

पेटी मिळाली नारायणगावच्या एका बंद स्टुडिओच्या मालकांकडून. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. लग्नाचे ग्रुप फोटो आणि शाळांचे वर्ग त्यांनी तिच्यावर काढलेले. माळ्यावरून उतरवल्यावर आधी त्यांनी भाता दिव्यावर धरला. कोपऱ्यांत सुईच्या टोकाएवढी पाच भोकं निघाली. ती काळ्या चिकटपट्टीने बुजवता बुजवता अटी सांगून झाल्या. मृग लागायच्या आत परत, कारण ओलीत भाता कुजतो आणि लेन्सला बुरशी धरते. पुढे कुणाला द्यायची नाही. तिसरी अट सांगताना ते हसले : "आणि पेटी रिकामी आणायची नाही, काय?"

ही तिसरी अट आपल्याकडच्या कोणत्याही घराला ओळखीची आहे. वाटीभर साखर उसनी आणली तर परत करताना शीग लावून देतात. शेजारणीचं भांडं आलं तर ते रिकामं जात नाही, चार शेंगा तरी त्यात पडतात. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात तर उसनवारीवर डोंगर उभे राहिले आहेत. तिथं 'पडकई' नावाची रीत आहे. उतारावर भातखाचर पाडायचं काम एका कुटुंबाच्या आवाक्यातलं नसतं. म्हणून उन्हाळ्यात घरं एकत्र येतात, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरी रोख नसते, दिवसाला दिवस फेडायचा असतो. पैशाचं कर्ज फिटलं की माणसं सुटी होतात. पडकईचं ऋण फिटतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा चढतं.

बाकीचा संसार असाच गोळा झाला. 210 मिलिमीटरची लेन्स पुण्यात वस्तूंची छायाचित्रं काढणाऱ्या मैत्रिणीची. सहा होल्डर मुंबईच्या एका जुन्या जाहिरात छायाचित्रकाराचे. एका होल्डरला दोन बाजू, म्हणजे एका फेरीत बारा शीट. माणशी दोन धरली तर सहा माणसं, आणि चोवीस माणसांना चार फेऱ्या. तिपाई निवृत्त भूमापकाची, पिवळ्या लाकडी पायांची. तिचा आटा पाच अष्टमांश इंचाचा आणि कॅमेऱ्याचा तीन अष्टमांश. मंचरच्या लेथवाल्याने मधला तुकडा कातून दिला आणि पैशाचं विचारल्यावर म्हणाला, "फोटो दाखवा म्हणजे झालं." कामाला हात लावण्याआधीच देणेकऱ्यांची यादी वहीच्या पानभर झाली होती.

सराव जुन्नर तालुक्यातच करायचा ठरवलं. संरक्षित स्मारकात तिपाई लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती काढून नाणेघाटाच्या लेण्यात गेले. तिथल्या डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजारांहून अधिक वर्षं जुना, यज्ञ आणि दानं नोंदवणारा. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण, काय काय आणि किती दिलं त्याचे आकडे त्यात आहेत. अंकचिन्हांच्या अभ्यासात या लेखाला मानाचं स्थान आहे ते त्यामुळेच. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज पायांच्या खुणांपलीकडे फारसं काही नाही. वर मात्र नावं शाबूत आहेत : सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिरो.

आत उजेड बेताचा. मीटरने तीस सेकंद सांगितली, पण अशा मंद उजेडात फिल्म आळसावते, तिला जवळपास दीड मिनिट द्यावं लागतं. शटर उघडं ठेवून मी घड्याळाकडे बघत उभी होते आणि समोर बिनमाणसांची नावं होती. नाव राहतं, माणूस जातो, हे नेहमीचंच. पण खाली डिंभ्याच्या पाण्याशी जे झालं तेही हेच होतं. तालुक्याच्या पाटीवर, सातबाऱ्यावर, एसटीच्या फलकावर आंबेगाव आहे. फरक एवढाच की या नावाखालची माणसं अजून हयात होती आणि दीड मिनिट उभी राहू शकत होती.

मे महिन्यात काठावर उतरलो. पहिल्या दिवशी पिवळी तिपाई उघडली, काळं कापड अंगावर घेतलं आणि बाहेर आले तर पाच-सहा बाया थोड्या अंतरावर येऊन थांबलेल्या. त्यातल्या सर्वांत वयस्कर आजींनी विचारलं, "परत मोजणी आली का गं पोरी?"

तीन पायांवर उभी केलेली वस्तू या लोकांनी याआधी कधी पाहिली होती, ते त्या एका प्रश्नात आलं. मोजणी झाली, खुणा लागल्या आणि मग पाणी आलं. कुणी डोंगराच्या अंगाला वर सरकलं, कुणी पूर्वेकडे गेलं. डिंभे हे कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही बाकीची चार. त्यांच्या कालव्यांचं पाणी पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांत जातं. त्या पाण्यावरचा ऊस मी लहानपणापासून खाल्ला आहे. माझं माहेर कालव्याच्या खालच्या बाजूचं.

मी आजींना कापडाखाली बोलावलं. घुसलेल्या काचेवर, म्हणजे दुधी काचेवर, प्रतिमा उलटी पडते. आकाश खाली, जमीन वर. त्या बराच वेळ आत राहिल्या. मग कापडातूनच आवाज आला, "पाणी डोक्यावर दिसतंय." बाहेर येऊन पदर नीट करत म्हणाल्या, "आसंच आलं व्हतं." आणि कुणी न सांगता चालत जाऊन दगडांच्या एका चौकोनात उभ्या राहिल्या. तिथं त्यांची चूल होती.

या लोकांनी नुसती वाट पाहिली, असं मात्र नाही. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या सोबतीने डिंभ्याच्या धरणग्रस्त आदिवासींनी पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घेण्यासाठी लढा दिला, जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली, पडकईला पुन्हा बळ दिलं. 2012मध्ये 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यामुळे माझ्या चोवीस फोटोंपैकी सात फोटोंत माणसं जोत्यावर नाहीत, होडीत किंवा गाळपेरात आहेत. "पडकं कशाला दाखवायचं? आता करतोय ते काढा," असं त्यांनी सांगितलं. माझी मूळ कल्पना तिथं बदलली, आणि बदलली ते बरं झालं. होडी हलते म्हणून शटर साठांश सेकंदावर न्यावं लागलं, छिद्र मोठं करावं लागलं. मागचा डोंगर धूसर आला आणि चेहरे पुढे आले.

फोटो काढण्याला आपण 'घेणं' म्हणत नाही, 'काढणं' म्हणतो. पण घेतलेलंच असतं ते. समोरच्याने चेहरा दिलेला असतो, दुपार दिलेली असते, चूल कुठं होती ते सांगितलेलं असतं. प्रदर्शनात नाव माझं लागणार. म्हणून हिशोब आधीच ठरवला होता : आधी ज्याचा त्याला छाप, मग बाकीचं. रात्री न्हाणीघराच्या दाराखाली टॉवेल खुपसून ताटांमध्ये फिल्म धुतल्या आणि प्रत्येक निगेटिव्हच्या दोन-दोन छापा काढल्या. एक घरी पोचवायची, एक काकांच्या पेटीत. लेथवाल्याची, भूमापकांची, मैत्रिणीची प्रत वेगळी. कॅमेरा जूनच्या तीन तारखेला नारायणगावला पोचला. काकांनी भिंगातून एकेक छाप पाहिली आणि सतराव्या छापेवर बोट ठेवून म्हणाले, "यांच्या लग्नाला मीच होतो."

हे सगळं फिटलं असं वाटलं, तेव्हा वहीतल्या यादीकडे पाहिलं. कॅमेरा, लेन्स, होल्डर, तिपाई यांच्यापुढे खुणा झाल्या होत्या. कालव्याचं पाणी यादीत नव्हतं. ते कुणी उसनं म्हणून मागितलंच नव्हतं, त्यामुळे त्याला परतीची तारीख नाही आणि शीग लावून द्यायचा प्रश्नही कुणी काढत नाही. मी ते यादीच्या शेवटी लिहिलं. चोवीस छापांनी ते फिटत नाही, हे मला कळतं.

छाप द्यायला गेले तेव्हा आजींनी ती उजेडाकडे धरून बरीच न्याहाळली. चुलीचा दगड सापडला. मग धाकट्या जावेचं जोतं फोटोच्या कडेला अर्धंच आलंय, हे त्यांच्या लक्षात आलं. "पुढल्या सालाला तिचं काढ," त्या म्हणाल्या. पुढच्या मे महिन्यासाठी काकांना विचारून ठेवलं आहे.